काचेतला समुद्र

लहानपणी मे महिन्यात आम्ही रत्नागिरीजवळच्या आजोळी जात असू. अमावास्येच्या ओहोटीला पाणी लांब सरलं, की कातळाच्या खळग्यांत डबकी उरायची. रिकाम्या शंखात बिऱ्हाड केलेला खेकडा, काचेसारखी आरपार दिसणारी कोळंबी आणि दगडाला चिकटलेलं समुद्रफूल. बोट लावताच ते मिटून जाई. हे फूल म्हणजे प्राणी, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. एकदा मी चमच्याने एक खरवडून सरबताच्या बाटलीत घरी आणलं. सकाळी पाणी गढूळ झालं होतं, वास सुटला होता. आजीने बाटली परसात रिकामी केली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

पुढे फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्ग अभ्यासकाविषयी वाचलं, तेव्हा ती बाटली पुन्हा आठवली. १८५२ साली प्रकृती सुधारण्यासाठी ते डेव्हनच्या किनाऱ्यावर गेले आणि ओहोटीच्या डबक्यांत रमले. पुढच्या वर्षी त्यांचं त्या भटकंतीचं पुस्तक आलं. त्याच वर्षी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं, त्यासाठी बरेच जीव गॉस यांनीच पुरवले होते. १८५४ मध्ये त्यांचं ‘द अक्वेरियम’ निघालं आणि तो शब्द घरोघरी गेला. पाण्यातल्या वनस्पती प्राणवायू देतात, त्यावर प्राणी जगतात. हा मेळ साधला तर काचेच्या टाकीतही समुद्र नांदतो, हे त्यात सांगितलं होतं. माझ्या बाटलीत नेमकं हेच नव्हतं.

वेळही जुळून आली होती. इंग्लंडमध्ये काचेवरचा कर १८४५ साली उठला होता, रेल्वे किनाऱ्यापर्यंत पोचली होती. गॉस यांची चित्रंही देखणी, समुद्रफुलाचा एकेक रंग टिपलेला. मग काय, दिवाणखान्यात टाकी हवीच! बरण्या, जाळी, छिन्नी-हातोडी घेऊन लोक खडकांवर उतरले. आवडलेला जीव दगडाच्या कपचीसकट उचलायचा, हा धडा गॉस यांनीच घालून दिलेला. टाकीतले बहुतेक जीव मरत आणि त्यांच्या जागी पुन्हा किनाऱ्यावरून नवे येत.

गॉस यांचा मुलगा एडमंड लहानपणी वडिलांबरोबर याच डबक्यांपाशी जात असे. १९०७ साली आलेल्या ‘फादर अँड सन’ या आठवणींत त्याने लिहिलं आहे, की ती डबकी आता तशी राहिलेली नाहीत. संग्राहकांच्या झुंडींनी ती लुटली. आपल्याच पुस्तकांनी हे घडवलं, हे वडिलांना पुढे उमगलं आणि त्याचा त्यांना फार मनस्ताप झाला, असंही तो सांगतो. ज्यांनी लोकांना डबक्यात वाकून पाहायला शिकवलं, त्यांच्याच वाट्याला हे यावं!

आजही मी ओहोटीला त्या कातळावर जातो. पंचांगात तिथी पाहून निघतो, भरतीची वेळ लिहून घेतो. बरोबर बाटली नसते. समुद्रफूल दिसलं की उकिडवा बसतो. ते उघडायला वेळ घेतं, तोवर पाय भरून येतात.