श्वास पोटावर पकडणारा पट्टा

‘पेशंट फाइट करतोय,’ असं आयसीयूत म्हणतात. माझ्या मते, अशा वेळी भांडत असतं ते यंत्र. रुग्ण श्वासासाठी जिवाच्या आकांतानं पोट उचलतो; पण नळीतला प्रवाह पुरेसा बदलत नाही, म्हणून व्हेंटिलेटरला त्याचा पत्ताच लागत नाही. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात जवळजवळ चौथाई रुग्णांचे दहातला एक किंवा त्याहून जास्त श्वास यंत्राशी असे बेताल निघाले.

श्वास नळीत न शोधता अंगावरच पकडायचा, ही कल्पना व्हेंटिलेटरहून जुनी आहे. फ्रान्समध्ये एत्येन-ज्यूल मारे यांनी 1860च्या दशकातच छातीला पट्टा बांधून श्वासाची रेघ काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर उमटवली होती. आपल्याकडे हे कुळ लोणावळ्याला भेटतं. स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी 1920-21 साली बडोद्यात उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रियांवर एक्स-रे प्रयोग केले आणि 1924 साली लोणावळ्यात कैवल्यधाम उभं केलं. नौली करणाऱ्याच्या मोठ्या आतड्यात नळी घालून त्यांनी दाब मोजला. तो बाहेरच्या हवेपेक्षा कमी भरला. आतल्या या निर्वाताला त्यांनी गुरूंच्या नावावरून ‘माधवदास व्हॅक्यूम’ म्हटलं.

उड्डियानात श्वास पूर्ण सोडून कंठ बंद ठेवतात आणि हवा आत न घेताच बरगड्या फुलवतात. छाती-पोटामधला पडदा वर चढतो, पोट खपाटीला जातं. श्वासाचा सगळा खटाटोप होतो, नाकातून मात्र काहीच आत जात नाही. नळीतला सेन्सर इथं शून्य दाखवेल, पट्टा सगळं सांगेल. योगी हे मुद्दाम करतो; दम्यासारख्या आजारात फुप्फुसात हवा अडकलेल्या रुग्णाच्या नशिबी ते नकळत येतं. त्या प्रयोगांच्या वेळी कुणापुढं व्हेंटिलेटर नव्हता. बॉस्टनचं ‘लोखंडी फुप्फुस’ हे श्वासयंत्रसुद्धा 1928चं.

पुढं 1970च्या दशकाअखेर अमेरिकेत लवचीक पट्ट्यात नागमोडी तार शिवली गेली. छाती फुगली की तारेचा विद्युतगुण बदलतो. एक पट्टा छातीला, दुसरा पोटाला. नवजात बाळांसाठी त्याहून साधी युक्ती निघाली. बरगड्यांखाली चिकटवलेली हवेची छोटी डबी पोट हललं की दबते, बारीक नळीतून तो धक्का यंत्रापर्यंत जातो आणि यंत्र हवा देतं. बाळाच्या नाकातल्या नळीभोवती हवा गळत असते, तिथं या डबीचा खरा उपयोग.

घरी मास्क लावून बायपॅप या श्वासयंत्रावर झोपणाऱ्यालाही हीच गळती छळते. तिथंही पट्टा लावता येईल; पण तो कुशीवर वळला की पट्टा सरकतो, आणि खोकला किंवा उचकीसुद्धा श्वासासारखी दिसते. म्हणून पट्ट्याच्या एकट्याच्या भरवशावर यंत्र सोडता येत नाही. नळीतला प्रवाह आणि पोटाची हालचाल एकमेकांशी ताडून पाहणारं यंत्रच रुग्णाच्या उशाशी असायला हवं.