पहिला बाण आणि दुसरा बाण



विहाराच्या वर्धापन दिनाच्या या स्मरणिकेसाठी आम्ही धम्माच्या इतिहासातला एक लहानसा विषय निवडला आहे. त्याला कारणही तसंच आहे. रविवारच्या वंदनेनंतर पाच-दहा मिनिटं आनापान सुरू झालं, की एक प्रश्न हमखास येतो. तरुण पोरं विचारतात, "बाबासाहेबांनी आपल्याला संघर्ष शिकवला, मग डोळे मिटून बसायचं कशाला?" आयाबाया विचारतात, "घरात एवढं दुःख असताना नुसता श्वास बघून काय होणार?" दोन्ही प्रश्न खरे आहेत. त्यांचं उत्तर आम्ही आमच्या पदरचं देत नाही, इतिहासातच शोधतो.

भगवंतांच्या पायाची जखम

राजगृहाला गृध्रकूट पर्वतावरून देवदत्ताने भगवंतांवर शिळा लोटली आणि तिची कपची त्यांच्या पायात घुसली. संयुत्त निकायात म्हटलं आहे, की वेदना फार तीव्र होत्या, पण भगवंतांनी त्या जागरूक राहून, मनाची तडफड होऊ न देता सहन केल्या. जीवक वैद्याने जखमेवर औषध लावून पट्टी बांधली, असं अट्ठकथा सांगते. म्हणजे औषध नाकारलं नाही आणि मनही ढळू दिलं नाही. या दोन गोष्टी एकत्र राहू शकतात, हे आपण आधी लक्षात घ्यावं.

त्याच संयुत्त निकायात वेदना-संयुत्त नावाचा भाग आहे आणि त्यात सल्ल सुत्त आहे. पालीतला 'सल्ल' म्हणजे आपलं शल्य. 'मनात शल्य बोचतंय' असं आपण आजही म्हणतो. भगवंत तिथे विचारतात, की वेदना अडाण्यालाही होते आणि शहाण्या श्रावकालाही होते, मग दोघांत फरक काय? ते दाखला देतात तो बाणाचा. एखाद्याला एक बाण लागला आणि पाठोपाठ दुसराही लागला, तर त्याला दोन वेदना होतात. धम्म न ऐकलेला माणूस शरीराला दुखलं की शोक करतो, छाती पिटतो, म्हणजे त्याला मनाचा दुसरा बाणही लागतो. श्रावकाला वेदना होते ती एकाच बाणाची.

इथे नीट पाहा. पहिला बाण खोटा आहे, असं भगवंत कुठेही म्हणत नाहीत. दुखतं ते दुखतंच.

'मागच्या जन्माचं पाप' नव्हे

पहिला बाण येतो कुठून? सीवक नावाच्या परिव्राजकाने भगवंतांना हेच विचारलं. माणूस जे जे सुखदुःख भोगतो ते सगळं पूर्वकर्माचंच फळ असतं, असं काही श्रमण-ब्राह्मण सांगतात, ते खरं का? भगवंतांनी ते मान्य केलं नाही. पित्त, कफ, वात, ऋतूतला बदल, बाहेरून झालेला आघात अशी कारणं त्यांनी मोजून दाखवली. ही कारणं ज्याची त्याला कळतात आणि जगालाही दिसतात, असं ते म्हणाले.

आपल्या वाडवडिलांना पिढ्यान् पिढ्या काय सांगितलं गेलं? 'तुमच्या मागच्या जन्माचं पाप, भोगा.' पाण्याला शिवू न देणं हा पहिला बाण होता. 'आपली लायकीच ही' असं आपणच मानू लागलो, तो दुसरा. पहिला दुसऱ्यांनी मारला. दुसराही त्यांनीच आपल्या हातात दिला, पण तो आपल्याच छातीत रोज रुतवत राहिलो आपण.

बडोद्यातली ती संध्याकाळ

परदेशात शिकून आलेले बाबासाहेब १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला कोणी जागा देईना. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. गाडीला वेळ होता, म्हणून ते कामाठी बागेत जाऊन बसले. आईवडिलांची आठवण आली. ही हकिकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. कितीतरी वर्षांनी लिहितानाही तो प्रसंग आठवला की डोळ्यांत पाणी येतं, हे त्यांनी लपवलं नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, रडणं हा दुसरा बाण नव्हे. मनुष्य आहे, डोळ्यांत पाणी येणारच. 'मी हलका आहे, माझ्या नशिबातच हे आहे' असं स्वतःला बजावत बसणं, हा दुसरा बाण. तो बाबासाहेबांनी स्वतःला कधी लावून घेतला नाही. दहा वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, त्यांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बावीस प्रतिज्ञा घेतल्या गेल्या. त्यांत अष्टांगिक मार्गाचा अवलंब करण्याची प्रतिज्ञा आहे आणि त्या मार्गाचं सातवं अंग आहे सम्मा सति. ('सति' म्हणजे स्मृती, जागेपण. नवऱ्याच्या चितेवर जाणाऱ्या 'सती'शी याचा काही संबंध नाही.) १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सम्मा सतीचा अर्थ मनाची सततची जागृती, वाईट विकारांवरचा मनाचा पहारा, असा सांगितला आहे. पहारेकरी झोपतो का? संघर्ष आणि सति ही एकाच मार्गाची अंगं आहेत. पोरांच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं.

ही शिकवण गृहस्थांचीही

सति फक्त भिक्खूंसाठी आहे, असा एक समज आहे. तोही इतिहासाला धरून नाही. भग्ग देशात सुंसुमारगिर इथे नकुलपिता नावाचे म्हातारे उपासक राहत. ते भगवंतांकडे आले आणि म्हणाले, मी थकलो, सदा आजारी असतो, मला उपदेश करा. भगवंतांनी सांगितलं, की शरीर आजारी असलं तरी मन आजारी होऊ देणार नाही, असा अभ्यास कर. नकुलपिता संसारी गृहस्थ होते आणि त्यांची पत्नी नकुलमाताही उपासिका होती.

पटाचारेची कथा आपल्या बायांना ठाऊक आहे. नवरा, दोन लेकरं, आईवडील, भाऊ सगळे एकाएकी गेले आणि ती वेडी होऊन श्रावस्तीत फिरू लागली. लोकांनी तिला हाकललं. भगवंतांनी तिला 'बहिणी' म्हणून हाक मारली आणि भानावर यायला सांगितलं. मेलेली माणसं परत येणार नव्हती. पण ती भानावर आली, पुढे थेरी झाली आणि शोकात बुडालेल्या इतर स्त्रियांना तिने आधार दिला.

महाराष्ट्रातल्या लेण्यांत याच साधनेच्या जागा आहेत. मुंबईजवळच्या कान्हेरीला दगडात कोरलेल्या लहान खोल्या, बसायचे ओटे, पाण्याची टाकी आजही पाहता येतात. तिथल्या शिलालेखांत कल्याणच्या सोनाराचं, लोहाराचं दान नोंदलेलं आहे. पुढे आपल्याकडे ही परंपरा लोपली, ती शेजारच्या देशांनी सांभाळली. १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं, राजाश्रय गेला, तेव्हा ब्रह्मदेशात लेडी सयाडो (१८४६–१९२३) यांनी साधना गृहस्थांसाठी खुली केली. पुढे ऊ बा खिन यांनी सरकारी महालेखापालाची नोकरी करता करता ती शिकवली. त्यांचे शिष्य सत्यनारायण गोयंका १९६९ ला भारतात आले आणि १९७६ मध्ये इगतपुरीला धम्मगिरी सुरू झालं.

आपल्या घरात

आता आपल्या घराकडे येऊ. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. लाखो कामगार घरी बसले, कित्येकांना पुन्हा कामावर जाता आलं नाही. पगार बुडाला तो पहिला बाण. त्यासाठी मोर्चे काढले, कोर्टात गेले, ते बरोबरच होतं. पण काही जण रोज रात्री 'मी बायकापोरांच्या उपयोगाचा राहिलो नाही' हेच उगाळत राहिले, गुत्त्यावर गेले, घरी येऊन पोरांवर हात उचलला. गिरणी एकदाच बंद झाली होती. मनात मात्र ती रोज रात्री नव्याने बंद होत होती.

दुसरा बाण थांबवायचा तर तो सुटतानाच दिसला पाहिजे, आणि तो सुटतो आत्ताच्या क्षणी. काल गेला, उद्या आला नाही. मन भरकटलं की श्वासावर आणायचं, कारण श्वास नेहमी आत्ताचाच असतो. राग आला, छाती धडधडली, घसा दाटला, तर 'ही वेदना आहे, ती उठली, ती जाईलही' एवढं पाहायचं. मग स्वतःला विचारायचं, हा बाण पहिला की दुसरा? पहिला असेल तर उठून उपाय करायचा. दुसरा असेल तर हातातून खाली ठेवायचा.

एक इशारा मात्र देऊन ठेवतो. नवरा मारतो, सासरचे हुंड्यासाठी छळतात, अशा बाईला 'श्वास बघ' म्हणून गप्प बसवणं हा धम्म नव्हे. तो पहिला बाण आहे. तिथे वस्तीने आणि कायद्याने उभं राहायचं. मन फारच आजारी झालं तर डॉक्टरकडे जायचं. भगवंतांनीही जीवकाकडून पट्टी बांधून घेतली होती.

तेव्हा येत्या रविवारी वंदना संपल्यावर लगेच चपला शोधू नका. पाच मिनिटं बसा. पोरांनाही बसवा. आणि मग मोर्चा असेल तर आपण सगळे मिळून जाऊ.

नमो बुद्धाय! जय भीम!