फुंकर

वरळीच्या समुद्राशी माझी जुनी दोस्ती. ओहोटीला खडकांवरून हिंडावे, भरती चढू लागली की मागे फिरावे, हा माझा रविवारचा नेम. ‘बुडालेल्याला पालथे घाला, पाठ दाबा, पाणी बाहेर काढा’ असे एका जुन्या पुस्तकावरून मी वर्षानुवर्षे वर्गात बेधडक शिकवीत आलो. चाळिशी उलटल्यावर मी प्रथमोपचाराच्या वर्गाला गेलो. तेथील शिक्षक म्हणाले, “मास्तर, पोटातले पाणी राहू द्या. आधी श्वास द्या!”

मी ओशाळलो. घरी येऊन इतिहास चाळला.

१७६७ साली आम्स्टरडॅममध्ये बुडालेल्यांना वाचवणारी संस्था निघाली. तोंडाने हवा फुंका, ऊब द्या, असे तिचे सांगणे. आणि भात्याने गुदद्वारातून तंबाखूचा धूर सोडा, हेही! १७७४ मध्ये लंडनने तिचा कित्ता गिरवला. इकडे त्याच सुमारास हॉर्नबी मुंबईचा गव्हर्नर होता. महालक्ष्मी आणि वरळी यांमधल्या खिंडीतून भरती आत घुसे. ती अडवणाऱ्या बांधाला त्याचेच नाव पडले. आजचा लाला लजपतराय मार्ग त्यावरूनच जातो.

पुढे धूर गेला, पण फुंकरही मागे पडली. १८५८ साली सिल्व्हेस्टरने हात वरखाली करण्याची रीत काढली. १९०३ मध्ये शेफरने पालथे घालून पाठ दाबण्याची. माझे पुस्तक या शेफरपाशीच थांबलेले! अखेर १९५८ साली बाल्टिमोरच्या पीटर सफरने स्वयंसेवकांवर प्रयोग करून दाखवले की, तोंडाने दिलेला श्वासच फुप्फुसे नीट भरतो. १९६० मध्ये छाती दाबण्याची जोड मिळाली. जवळजवळ दोनशे वर्षांचा वळसा घालून विद्या पहिल्या फुंकरीपाशी परतली.

वाचकहो, एवढे ध्यानात ठेवा. पाण्यात उडी टाकू नका. दोर किंवा तरंगणारे काही फेका. बाहेर काढलेला माणूस हाकेला ओ देत नसेल, श्वास नीट चालत नसेल, तर कोणाला तरी १०८ लावायला सांगा. डोके मागे झुकवा, नाक चिमटीत धरा, आधी श्वास द्या. मग छातीच्या मध्यावर ३० दाब, २ श्वास, असे मदत येईपर्यंत. पोट दाबू नका. आणि हे वाचून थांबू नका, प्रत्यक्ष शिका.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात माझी चूक कबूल केली. कोळीवाड्यातला एक मुलगा उभा राहिला. “सर, पण तुम्ही आधी शिकवलंत त्या मुलांना कोण सांगणार?”

म्हणून हे लिहिले.