औषधशिक्षण (परिचर्या)

रुग्णाला व घरच्यांना औषधाचे कार्य, मात्रा, वेळ आणि दुष्परिणाम समजावून देण्याचे परिचारिकेचे काम. भारतीय परिचर्या परिषद अधिनियम, १९४७ नंतर परिचर्येचे शिक्षण देशभर एकसारखे होत गेले. औषधशास्त्र हा त्यातील एक विषय. खेड्यात औषधे समजावण्याचे काम उपकेंद्रातील परिचारिका व २००५ पासून आशा कार्यकर्ती (पहा : आशा) करतात.

योग्य रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग व वेळ हे औषध देण्याचे पाच निकष. शिकवण्याचा खरा भाग मात्र गोळी घरी गेल्यावरचा. गरोदरपणी लोहाची गोळी (पहा : रक्तक्षय) १८० दिवस घ्यायची असते, तिने शौचास काळे होते, आणि हे आधी न सांगितल्यास बाई घाबरून गोळी सोडते. गोळी चहासोबत घेऊ नये, लिंबूपाण्याने लोह अधिक शोषले जाते. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन या औषधाने लघवी नारिंगी होते (पहा : क्षयरोग). जलसंजीवनीचे १ लिटरचे पाकीट पूर्ण लिटरभर पाण्यातच कालवून २४ तासांत संपवावे. अतिसारात सहा महिन्यांवरील बालकास जस्ताची २० मिग्रॅ. गोळी १४ दिवस, जुलाब थांबले तरी.

ऐकलेले रुग्णाकडून पुन्हा वदवून घेणे ही यातील सर्वांत उपयुक्त रीत; अक्षरओळख नसलेल्यांसाठी पाकिटावर सूर्य-चंद्राच्या खुणा काढतात.