पाणंद उंच झाली, पाणी कुठं जाणार?

पंधरवड्यात आमच्या पाणंदीवर दोनदा भांडण झालं. वरच्या अंगाचे म्हणतात, मे महिन्यात मुरूम टाकून रस्ता उंच केला, आता पाणी आमच्या रानात तुंबतंय. खालचे म्हणतात, वरच्यांनी चर पाडून सगळं पाणी एका जागी आमच्यावर सोडलं, मुरूम वाहून ज्वारीसाठी तयार केलेल्या रानात पसरला. दोघंही खरं बोलतायत. म्हणून जरा मागचं लिहितो.

माझ्या लहानपणी पाणंद म्हणजे खड्डा होता. बैलगाडीच्या चाकोरीनं झिजून ती रानापेक्षा हात-दीड हात खाली गेलेली. पावसात तीच ओघळ व्हायची. कुणाची तक्रार नव्हती, कारण मंगळवेढ्याचं काळं शिवार रब्बीचं. गाडीचं खरं काम मालदांडी काढल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये. तेव्हा वाट कोरडी ठणठणीत. पुढं उजनीचं पाणी आलं, ऊस आला, दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला. आता बारा महिने रस्ता पाहिजे. त्यात चूक काही नाही. पण जी जागा पाण्याची वाट होती तिथंच आपण मुरमाचा ताल घातला, आणि खालून एक नळी टाकायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

तालांचाही इतिहास आहे. सोलापुरात 1933 साली कोरडवाहू संशोधन केंद्र सुरू झालं. 1942 ला मुंबई सरकारनं जमीन सुधारणा योजनांचा कायदा केला आणि इलाख्यातल्या दुष्काळी भागात बांधबंदिस्ती जोरात निघाली. आपला तालुका तेव्हा सांगली संस्थानात होता, 1948 ला विलीन झाला, मग सोलापूर जिल्ह्यात आला. आमच्या आईनं बंडिंगची माती वाहिली ती 1972 च्या दुष्काळात. दिवसभर पाटी, खायला सुकडी. त्या कामांनी माणसं जगली. पण समतल बांध हलक्या, मुरमाड रानात चांगला. भारी काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात, मोठ्या पावसात पाणी तालाला तुंबतं, भेगेत शिरतं आणि ताल फुटतो. म्हणून भारी रानाला ढाळीचे बांध आणि दगडी सांडवा सांगतात. जुन्या माणसांनी सांडवा सोडलेला असायचा. तो आपण बुजवला.

आपण म्हणजे मीसुद्धा. दोन गुंठे रान वाढेल म्हणून 2020 च्या उन्हाळ्यात जेसीबी लावून माझा सांडवा मी सपाट केला. 14 ऑक्टोबरला जिल्हाभर जो पाऊस झाला, त्या रात्री माझा ताल तीन ठिकाणी फुटला. खालच्या अण्णांची नुकती उगवलेली ज्वारी मातीसकट गेली. बियाणं मी भरून दिलं. माती कुठून देणार? दोन वर्षं अण्णा माझ्याशी बोलले नाहीत.

आता कायद्याचं. 1882 चा वहिवाटीचा कायदा मुंबई इलाख्याला 1891 ला लागू झाला. त्यात स्पष्ट आहे : वरच्या रानात पडलेलं पाणी उतारानं आपसूक खाली येत असेल तर खालच्यानं ते येऊ द्यायचं. पण चर पाडून एका तोंडानं सोडलेलं पाणी आपसूक आलेलं नव्हे, हे वरच्यांनीही ध्यानात घ्यावं. दुसरा 1906 चा मामलेदार न्यायालय कायदा. कलम 5 खाली पाण्याच्या नैसर्गिक वाटेतला किंवा वहिवाटीच्या रस्त्यातला अडथळा तहसीलदार काढायला लावू शकतात. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत दावा लावायला लागतो. लोक दोन वर्षं बांधावर शिव्या देतात आणि मग तहसीलला जातात. आमच्या मुरमाची मुदत नोव्हेंबरात संपतेय.

नकाशाही बघा. जुनी साखळी 33 फुटांची, तिचे सोळा आणे. आठ आणे म्हणजे साडेसोळा फूट, चार आणे म्हणजे सव्वाआठ. गाडीमार्ग साडेसोळा ते 21 फूट, पायमार्ग सव्वाआठ, हे हिशेब तिथलेच. आमची पाणंद नकाशात गाडीमार्ग आहे. परवा टेप लावला तर कुठं दहा फूट, कुठं नऊ. नांगराच्या एकेका तासानं दोन्हीकडच्यांनी खाल्लीय. आता रस्त्याकडेला चारी काढायची म्हटलं तर जागा उरलीय कुठं?

बोलणं इथवर आलंय : जुन्या सांडव्यासमोर रस्त्याखाली दोन सिमेंटच्या नळ्या, खालच्या तोंडाला दगडाची पिचिंग, वरच्यांनी चर बुजवायचा, दोन्हीकडून तीन-तीन फूट सोडायचे, खर्च रानाच्या प्रमाणात. अण्णांनी होकार दिलाय. वरच्या अंगाचा एकजण अजून तीन फुटांना तयार नाही. रविवारी सकाळी सगळे पाणंदीवर जमणार आहोत. गाव नकाशाची नक्कल काढून ठेवलीय, टेप अण्णा आणणार आहेत.