होमस्टेत पाहुण्याच्या हातून वस्तू फुटली. भरपाई कोणी, किती आणि कशी द्यायची? वाचा सविस्तर

रविवारची सकाळ. पाहुण्यांची गाडी खळ्यात उभी, बॅगा डिकीत भरून झालेल्या. मालकीणबाई खोली बघायला आत जातात आणि बाहेर येऊन सांगतात, "बाथरूमातला बेसिन फुटला हा." पाहुणे म्हणतात, "आम्ही नाही फोडलं, चीर आधीच होती." मालक म्हणतो, "पाच हजार ठेवा, मग गाडी काढा." दहा मिनिटांत आवाज चढतो, कोणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढायला लागतो आणि दोन दिवस गोडीगुलाबीत गेलेला मुक्काम भांडणावर संपतो.

मालवण, वेंगुर्ले, देवगडच्या किनारपट्टीवर असे प्रसंग नवीन नाहीत. सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्यानंतर अनेकांनी राहत्या घराला लागून दोन-चार खोल्या काढल्या, काहींनी त्यासाठी कर्जही घेतले. अशा घरात बेसिन किंवा गिझर गेला की त्या शनिवार-रविवारची कमाई त्यातच जाते. दुसरीकडे पाहुणाही काटकसर करून आलेला असतो. न केलेल्या नुकसानीचे पैसे त्याने का द्यावेत? असा वाद झाल्यास दोन्ही बाजूंना माहीत असाव्यात अशा गोष्टी पुढे दिल्या आहेत.

चुकून फुटले तर तो गुन्हा नाही, पण भरपाई द्यावी लागू शकते

"पोलिसात देतो" ही धमकी अशा वादात पहिल्यांदा येते. भारतीय न्याय संहितेचे कलम 324 मालमत्तेच्या नुकसानीबद्दल आहे. पण त्यासाठी नुकसान करण्याचा हेतू, किंवा नुकसान होईल याची जाणीव असावी लागते. हात निसटून काचेचा जग फुटला, पोराचा चेंडू सोलर पॅनलवर बसला, हा अपघात. दारू पिऊन मुद्दाम खुर्च्या मोडल्या, तर मात्र गोष्ट वेगळी.

अपघात गुन्हा नाही म्हणजे सगळे माफ, असेही नाही. खोली भाड्याने घेणे हा मालक आणि पाहुणा यांच्यातला करार आहे, मग तो कागदावर असो की व्हॉट्सअॅपवर. खोली नीट वापरून परत करणे ही त्यातली साधी अट. पाहुण्याच्या निष्काळजीपणाने वस्तू मोडली तर मालक भरपाई मागू शकतो. मात्र हा दिवाणी मामला आहे. पोलीस अर्ज घेतील, दोघांना समजावतील. पण फुटलेल्या बेसिनचे पैसे वसूल करून देणे हे त्यांचे काम नाही.

झीज कुठली आणि नुकसान कुठले?

निम्मे वाद याच मुद्द्यावर होतात. वस्तू रोज वापरल्याने जी झिजते ती मालकाच्या खर्चात धरायची.

साधारण झीज: चादरीचा रंग उतरणे, नळाचा वॉशर जाणे, जुन्या खुर्चीची वेत सुटणे, खाऱ्या हवेने कडी-कोयंडा गंजणे, लाल मातीचे पाय फरशीवर उमटणे. याचे पैसे पाहुण्याकडून मागू नयेत.

पाहुण्याकडून झालेले नुकसान: गादी सिगारेटने जळणे, आरसा फुटणे, गाडी मागे घेताना चिऱ्याचा गडगा पाडणे, संडासात डायपर टाकून लाइन तुंबवणे, खोलीची किल्ली हरवणे.

मधल्या गोष्टी: चादरीवर आंब्याच्या रसाचा किंवा सोलकढीचा डाग. धुऊन निघाला तर जास्तीत जास्त धुलाईचा खर्च. निघालाच नाही तर चादरीच्या वयाप्रमाणे किंमत. व्होल्टेज वर-खाली होऊन गिझर जळाला, तर पाहुण्याने फक्त बटण दाबले होते म्हणून तो जबाबदार ठरत नाही. लाकडाला वाळवी लागलेला पलंग बसल्याबरोबर मोडला, तर तेही पाहुण्याचे नुकसान नव्हे. उलट पाहुण्याला लागले असेल तर मालकालाच उत्तर द्यावे लागेल.

किती पैसे मागता येतात?

भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 73 चा साधा अर्थ असा, की जेवढे खरे नुकसान तेवढीच भरपाई. जुन्याच्या बदल्यात नवी कोरी वस्तू मागता येत नाही.

समजा, टीव्ही चार वर्षांपूर्वी 24,000 रुपयांना घेतला होता. असा टीव्ही साधारण आठ वर्षे चालतो असे धरले, तर निम्मे आयुष्य संपले. म्हणजे पूर्ण निकामी झाला तरी मागणी 12,000 च्या आसपास असावी. आणि 3,500 रुपयांत दुरुस्त होत असेल तर 3,500 रुपयेच. आठ वर्षांचा हिशोब कायद्यात लिहिलेला नाही, पण दोघांना पटेल असा आकडा काढायला ही पद्धत बरी पडते.

खोली दुरुस्तीसाठी बंद ठेवावी लागली आणि त्या रात्रीचे पक्के बुकिंग रद्द करावे लागले, तर त्या एका रात्रीचे भाडे मागता येते. बुकिंगचा पुरावा मात्र हवा. "हंगामात कोणीतरी आलंच असतं" एवढ्यावर भागत नाही.

याच कलमात आणखी एक गोष्ट आहे. नुकसान वाढू न देण्यासाठी मालकाने काय केले, हेही बघितले जाते. पाइप फुटल्याचे पाहुण्याने रात्रीच सांगितले आणि मालकाने सकाळपर्यंत कॉक बंद केला नाही, तर रात्रभर भिजलेल्या गादीचा भार पाहुण्यावर टाकता येणार नाही. म्हणून पाहुण्यानेही काही मोडले की लगेच सांगावे. लपवून निघून गेल्यावर संशय वाढतो आणि कधी कधी नुकसानही.

"टॉवेलला डाग, 500 रुपये दंड": अशा पाट्या चालतात का?

करारात आधीच रक्कम लिहिली असेल तर करार कायद्याचे कलम 74 लागू होते. लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा. त्याच्या आत जी वाजवी भरपाई असेल तेवढी मिळते. दीडशे रुपयांच्या टॉवेलला 500 रुपये लावले, तर ते वादात टिकणे कठीण. शिवाय अट बुकिंगच्या वेळीच सांगितलेली हवी. निघताना कपाटामागची पाटी दाखवून उपयोग नाही.

डिपॉझिटचेही तसेच. घ्यायला हरकत नाही, पण किती, कशासाठी आणि परत कधी, हे आधी सांगावे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये अवाच्या सवा अनामत घेणे आणि नुकसानीच्या मानाने फारच जास्त दंड लावणे, या दोन्ही गोष्टी अन्याय्य करारात धरल्या आहेत. डिपॉझिट यूपीआयने घेतले आणि परतही तसेच दिले, तर नोंद आपोआप राहते. काही रक्कम कापली तर दुरुस्तीचे बिल पाहुण्याला पाठवावे.

किल्ली देताना पाच मिनिटे द्या

चीर आधीची की आताची, हे निघताना ठरवता येत नाही. ते पाहुणा येतो तेव्हाच ठरलेले असते.

मालकाने किल्ली देतानाच पाहुण्याला सोबत घेऊन खोलीचा एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ काढावा. बेसिन, आरसा, टीव्ही, गिझर, गादी, पंखे त्यात यावेत. तो तिथेच पाहुण्याच्या नंबरवर पाठवावा, म्हणजे तारीख-वेळ दोघांच्याही फोनवर राहते. आधीपासून काही मोडके असेल तर स्वतःहून दाखवावे. मालकाने व्हिडिओ काढला नाही, तर पाहुण्याने आपला काढून पाठवावा. निघतानाही तसाच व्हिडिओ. किमती वस्तूंची खरेदीची बिले फोटो काढून ठेवावीत.

प्रकरण कोर्टात गेले तर असे फोटो, चॅट पुरावा म्हणून चालतात, पण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. म्हणून मूळ चॅट डिलीट करू नये, फोन बदलला तरी जपून ठेवावा.

गाडी अडवू नका, आधार ठेवून घेऊ नका

इथे अनेक मालक बरोबर असूनही चुकीच्या बाजूला जातात. पैसे मिळेपर्यंत गेट लावून घेणे, गाडीपुढे दुचाकी आडवी घालणे, पाहुण्याला जाऊ न देणे, हे महागात पडू शकते. माणसाची वाट अडवणे (कलम 126) आणि त्याला कोंडून ठेवणे (कलम 127) हे भारतीय न्याय संहितेत गुन्हे आहेत. म्हणजे दोन हजारांच्या बेसिनसाठी मालकच आरोपी व्हायचा.

ओळखपत्राची प्रत नोंदीसाठी घ्यावी, पण मूळ आधार कार्ड किंवा लायसन्स वसुलीसाठी अडकवून ठेवण्याचा अधिकार मालकाला नाही. तसेच पाहुण्यानेही "वाईट रिव्ह्यू टाकीन" अशी भीती घालून खरे नुकसान बुडवू नये. ते चॅटमध्ये लिहिले असेल तर त्याच्याच विरुद्ध जाते.

पाहुण्याचे नुकसान झाले तर?

नुकसान दोन्हीकडून होते. "माडाखाली लावा गाडी, सावली आहे" असे मालकाने सांगितले आणि नारळ काचेवर पडला, तर जबाबदारी मालकाकडे येऊ शकते. सुकी झावळे आणि तयार नारळ हंगामाआधी उतरवून घेणे, पार्किंगची जागा माडापासून दूर ठेवणे हाच त्यावर उपाय. पाहुण्याकडे गाडीचा पॅकेज विमा असेल तर काचेचा दावा तिथे करता येतो. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात तो मिळत नाही.

"गाडीची जबाबदारी मालकाची नाही" ही पाटी लावली की सुटलो, असेही समजू नये. दिल्लीतील एका पंचतारांकित हॉटेलमधून चोरीला गेलेल्या कारच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली स्पष्ट केले, की पाहुण्याने किल्ली हॉटेलच्या ताब्यात दिली असेल तर अशी अट दाखवून हॉटेलला स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी झटकता येत नाही.

मालकाने घराचा विमा उतरवताना खोल्या पर्यटकांना देतो हे कंपनीला सांगावे. ते लपवले तर ऐन वेळी दावा अडकतो.

ऑनलाइन बुकिंग असेल तर

बुकिंग अॅपवरून झाले असेल तर आधी त्या अॅपच्या अटी बघाव्यात. उदाहरणार्थ, एअरबीएनबीवर मालकाला पाहुणा गेल्यापासून 14 दिवसांच्या आत भरपाईची मागणी नोंदवावी लागते, आणि पाहुण्याला उत्तर द्यायला 24 तास मिळतात. फोटो आणि बिल जोडावे लागते. साधी झीज त्यात धरत नाहीत. अॅपवरचे बुकिंग असताना बाहेरून रोख डिपॉझिट मागण्याआधीही अटी तपासाव्यात.

बोलून मिटले नाही, तर कुठे जायचे?

पाहुण्यासाठी: डिपॉझिट विनाकारण कापले तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करता येते. त्यानेही झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षे. तक्रारदार जिथे राहतो तिथेही तक्रार दाखल करता येते. म्हणजे पुण्याच्या पाहुण्याने तक्रार केली तर तारकर्लीच्या मालकाला पुण्यात उत्तर द्यावे लागू शकते. हजार रुपयांचे डिपॉझिट अडवताना याचा विचार करावा.

मालकासाठी: पाहुण्याने केलेल्या नुकसानीसाठी मालकाला ग्राहक आयोगात जाता येत नाही. आधी बिल-फोटोसह लेखी मागणी पाठवावी. मग दिवाणी न्यायालय. करारभंगाच्या भरपाईसाठी मुदत तीन वर्षे. पण लहान रकमेसाठी वकील आणि तारखांचा खर्च परवडत नाही.

दोघांसाठी: तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून वाद दाखल होण्याआधीच लोकअदालतीत ठेवता येतो. तिथे कोर्ट फी नाही. तडजोड झाली तर तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकीच किंमत असते आणि त्यावर अपील होत नाही. माहितीसाठी हेल्पलाइन 15100.

बुकिंगच्या वेळी पाठवायचा मेसेज

मालकांनी हा मजकूर आपल्या सोयीने बदलून वापरावा:

"नमस्कार. आपले बुकिंग (तारीख) ते (तारीख), (संख्या) माणसे. डिपॉझिट (रक्कम) रुपये, निघताना खोली बघून त्याच दिवशी यूपीआयने परत. येताना आणि निघताना खोलीचा व्हिडिओ दोघांनी मिळून काढू. साध्या वापराची झीज आमच्याकडे. काही तुटले-फुटले तर लगेच सांगा. दुरुस्तीचा खरा खर्च, किंवा वस्तूच्या वयाप्रमाणे किंमत, बिल दाखवून घेतली जाईल. ग्रुपमधील सर्वांच्या वतीने बुकिंग करणारी व्यक्ती जबाबदार राहील. मान्य असल्यास 'हो' कळवा."

त्या 'हो'चा आणि दोन व्हिडिओंचा स्क्रीनशॉट हंगाम संपेपर्यंत नाही, तर तीन वर्षे जपून ठेवावा.