आणंदला आलेला इंजिनिअर

गणपतीचे दहा दिवस आले की आपल्या बडोद्यातल्या मराठी घरांत दुधाच्या पिशव्या दुप्पट येतात. बासुंदी, खीर, नैवेद्याचे पेढे, सगळे त्यावरच. या पिशवीमागचा इतिहास येथून चाळीसेक किलोमीटरवर, आणंदला घडला. तो आपल्या तरुण मंडळींना माहीत असावा म्हणून हा लेख.

खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्यांचे दूध पूर्वी पॉल्सन कंपनीकडे जाई आणि तेथून मुंबईला. भाव ठरवणार कंपनी आणि तिचे दलाल. दूध हा नाशवंत माल, तो घरात ठेवून भाव वाढण्याची वाट पाहता येत नाही. शेतकरी सरदार वल्लभभाईंकडे गेले. सरदारांचा सल्ला सरळ होता: दलाल नको, स्वतःची सहकारी संस्था काढा. जानेवारी १९४६ मध्ये समरखा गावी मोरारजी देसाईंच्या उपस्थितीत तसे ठरले. शेतकऱ्यांनी पंधरा दिवस दूध विकलेच नाही. १४ डिसेंबर १९४६ रोजी त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली जिल्हा संघाची नोंदणी झाली. सुरुवात दोन गावांच्या मंडळ्या आणि दिवसाला जेमतेम अडीचशे लिटर दूध एवढीच होती.

संघ झाला, पण यंत्रे जुनी, सारखी बंद पडणारी. १३ मे १९४९ रोजी डॉ. वर्गीस कुरियन आणंदच्या सरकारी क्रीमरीत रुजू झाले. जन्म कोझिकोडचा, १९२१ सालचा. शिक्षण मद्रासला, यंत्र अभियांत्रिकीचे. सरकारी शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत मिशिगनला शिकून आले होते आणि कराराप्रमाणे सेवा देणे भाग होते. गाव आवडले नव्हते, कामही फारसे नव्हते. वेळ मिळेल तसे ते त्रिभुवनदासांची यंत्रे दुरुस्त करून देत. शेवटी सरकारी नोकरीतून सुटका झाली, सामान बांधून झाले, तेव्हा त्रिभुवनदासांनी थोडे दिवस थांबण्याची गळ घातली. ते थोडे दिवस पुढे आयुष्यभर चालले.

खरी कसोटी पुढे होती. म्हैस हिवाळ्यात भरपूर दूध देते, उन्हाळ्यात आटते. हिवाळ्यातले जादा दूध मुंबई घेऊ शकत नव्हती. ते घेतले नाही तर शेतकरी पुन्हा दलालाच्या दारात जाणार, म्हणजे संघच मोडणार. उपाय एकच होता, दुधाची भुकटी करून ठेवणे. पण परदेशी तज्ज्ञ म्हणत होते की म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही. त्यांच्याकडे गायींचेच दूध, म्हशीचा अनुभव नाही. कुरियन यांचे मिशिगनपासूनचे मित्र हरिचंद मेघा दलाया हे दुग्धतंत्रज्ञ होते. त्यांनी प्रयोग करून ती होते हे दाखवून दिले. युनिसेफ आणि न्यूझीलंडच्या मदतीने कारखाना उभा राहिला आणि ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी, सरदारांच्या जयंतीला, पंडित नेहरूंनी त्याचे उद्घाटन केले. अमूल हे नाव त्याच सुमाराचे.

यंत्राइतकीच महत्त्वाची गावातली व्यवस्था. सकाळ-संध्याकाळ दूध मंडळीत आणायचे, फॅट तपासायचे, त्याप्रमाणे पैसे. रांगेत जात पाहिली जात नाही. एका म्हशीच्या मालकालाही मत एकच आणि पुढाऱ्यालाही एकच. १९६४ साली लालबहादूर शास्त्री अजरपुरा गावात रात्रभर राहून हेच पाहून गेले. दुसऱ्या वर्षी आणंदलाच राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झाले, १९७० पासून 'ऑपरेशन फ्लड' सुरू झाले आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस भारत दूध उत्पादनात जगात पहिला आला.

आपणा मराठी माणसांचाही यात एक धागा आहे. पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन काढलेल्या 'मंथन' (१९७६) या चित्रपटाची पटकथा विजय तेंडुलकरांची, आणि त्यातली स्मिता पाटील कोण विसरेल?

डॉ. कुरियन ९ सप्टेंबर २०१२ रोजी नडियादला गेले. ते स्वतःला कायम शेतकऱ्यांचा नोकर म्हणवून घेत. मी डिप्लोमा करून सरकारी नोकरीत आलेला माणूस. मला यातली एक गोष्ट मोलाची वाटते. यंत्र कोणीही विकत आणू शकतो. ते कोणाच्या मालकीचे असावे आणि इंजिनिअरने कोणाला उत्तर द्यावे, हे आणंदने आधी ठरवले. जेथे मालकी शेतकऱ्याच्या हातून निसटली, तेथे सहकाराची पाटी तेवढी उरली. आपली मुले इंजिनिअर होऊन दूर देशी जातात, जरूर जावीत. पण जाण्याआधी एकदा सकाळच्या वेळी आणंदजवळच्या एखाद्या गावात दुधाच्या रांगेपाशी उभे राहून पाहावे.

गणपती बाप्पा मोरया!